डोक्यावरची रेघ

माझे बाबा मुर्ध्याच्या मिठागरावर मजूर होते. खाऱ्या पाण्यात उभं राहून फळीनं मीठ ओढायचं आणि टोपल्यांनी बांधावर ढीग घालायचे, हे त्यांचं काम. टाचांना भेगा पडायच्या आणि त्या भेगांत पुन्हा मीठच जायचं. संध्याकाळी आई कोमट तेल टाचांत भरायची, तेव्हा ते दात आवळून भिंतीकडे बघत बसायचे. पावसाळ्यात मिठागर बंद, मग मिळेल ते काम. पुढे मिठागरच बंद झालं, त्यावर भराव पडला, आणि आई डोक्यावर पाटी घेऊन शांती नगरच्या बिल्डिंगांमध्ये मासळी विकायला जायला लागली. घरात कागद म्हणाल तर एक रेशनकार्ड. सही दोघांनाही येत नव्हती. मी घरीच सुईणीच्या हातावर जन्मले, त्यामुळे माझ्या जन्माचाही कागद नव्हता.

हे मी रडगाणं म्हणून सांगत नाही. मी बी.कॉम. आहे, आमच्या अख्ख्या कुळातली पहिली, आणि त्याची सुरुवात कुठून झाली ते कळावं म्हणून सांगतेय.

शाळेत घालायची वेळ आली तेव्हा दोन शाळांनी आम्हांला दारातूनच परत पाठवलं. जन्माचा दाखला आणा, म्हणाले. तिसरी शाळा भाईंदर पश्चिमेची, मराठी माध्यमाची. तिथे ऑफिसात खिडकीजवळ एक बारीक अंगाचा माणूस बसला होता. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन शाईची पेनं, डाव्या मनगटाला जुना रुमाल गुंडाळलेला. ते केळुसकर भाऊसाहेब. शाळेतले क्लार्क. लालबागच्या चाळीतून पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये राहायला आलेले, मूळचे वेंगुर्ल्याकडचे.

आईनं सांगितलं, कागद न्हाय. त्यांनी खुर्ची दाखवली. आई खाली बसायला लागली तर म्हणाले, "खुर्चीत बसा. खाली बसलात तर मला ऐकू येत नाही." त्यांना व्यवस्थित ऐकू यायचं.

"पोरीचं नाव?"

"पौर्निमा."

"पौर्णिमा का ठेवलं?"

"पुनवेला झाली म्हनून."

"कुठली पुनव?"

"होळीच्या पयलची. उधान व्हता. बांध फुटंल म्हनून हिचा बाप बांधावर, न मी न सुईन दोगीच घरान."

"साल?"

"सालबीळ मना न्हाय ठावं. आमच्या आलीत लाईट आली ना, त्याच साली."

आमच्याकडे ज्याला जन्मतारीख नाही त्याला शाळेत सरळ एक जून देऊन टाकतात. माझ्या चुलत्याचे दोन्ही मुलगे एक जूनचे आहेत, मध्ये दोन वर्षांचं अंतर ठेवून. भाऊसाहेबांनी तसं केलं नाही. "एक जूनला अर्धा महाराष्ट्र जन्मलाय," ते म्हणाले. "ही तरी वेगळी असू दे."

मग त्यांनी जाड रजिस्टर उघडलं आणि माझं नाव लिहिलं. पण वरची रेघ दिली नाही. अक्षरं नुसती खाली लटकलेली, दोरीशिवाय वाळत घातलेल्या कपड्यांसारखी. आईला वाचता येत नसलं तरी तिला ते विचित्र दिसलं असणार. "ह्या असा का?" तिनं विचारलं.

"उद्या या. तारीख काढतो. पक्की झाली की रेघ मारतो. डोक्यावर रेघ पडली की नाव बदलता येत नाही, बाई."

दुसऱ्या दिवशी ते घरून जुनी पंचांगं घेऊन आले होते. आमच्या आळीत वीज कधी आली हे त्यांनी मुर्ध्याच्या दुसऱ्या एका पालकाला विचारून ठेवलं होतं. माघ पौर्णिमा निघाली. त्यांनी आईला तारीख वाचून दाखवली, नाव वाचून दाखवलं, बाबांचं नाव, आडनाव वाचून दाखवलं. आई म्हणाली, "हाय. ह्याच." तिचा अंगठा घेतला, आणि मग एकेका शब्दावर डावीकडून उजवीकडे, पेन न उचलता, एकेक रेघ ओढली. रेघ शेवटच्या अक्षराच्या पुढे तांदळाच्या दाण्याएवढी जायची. ती त्यांची सवय होती.

पुढे दहा वर्षं मी त्या शाळेत शिकले. भाऊसाहेब आम्हांला शिकवायचे नाहीत, पण माझ्या आठवणीतली शाळा म्हणजे मुख्यतः तेच. फी भरायला, दाखला मागायला, शिष्यवृत्तीचा फॉर्म घ्यायला खिडकीशी गेलं की ते मान वर न करता विचारायचे, "नंबर?" रजिस्टर नंबर सांगितला की मग तोंडाकडे बघायचे. शाळा सोडून गेलेल्या पोरांनाही ते नंबरानंच ओळखायचे. एकदा स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात मी त्यांना बघितलं. दुकानदार टाय लावलेला, मोठा गडी. "भाऊसाहेब, ओळखलं का?" भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "अडतीसशे सहा. वडील रिक्षा चालवायचे. सातवीत खिडकीची काच फोडलीस." तो माणूस गिऱ्हाइकांसमोर लाजला आणि मग खुर्ची आणायला धावला.

रजिस्टर म्हणजे पोराची दुसरी आई, असं ते म्हणायचे. पहिली विसरेल, ही विसरता कामा नये. पेन कुणाला द्यायचे नाहीत. निब पुसायला जुन्या धोतराचा एक तुकडा ठरलेला, तो रोज घरी नेऊन धुऊन आणायचे. बॉलपेन दिसलं की तोंड असं करायचे जसं कुणी ताटात चप्पल ठेवली.

आणि त्यांचा हात दुखायचा. हे शाळेत सगळ्यांना माहीत होतं. एरवी तो हात दिवसभरात साठ दाखले लिहायचा. पण खोटं काही लिहायची वेळ आली की उजव्या मनगटातून कळ यायची. मी आठवीत असताना एका बांधकामवाल्याचा मुलगा शाळेच्या क्रिकेट संघात होता. चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत खेळवायला त्याचं एक वर्ष कमी करून हवं होतं. वडील मिठाईचा बॉक्स घेऊन आले, मुख्याध्यापक त्यांच्यासोबत. भाऊसाहेबांनी डाव्या मनगटाचा रुमाल सोडला आणि उजव्याला बांधला.

"हात दुखतोय साहेब."

"भाऊसाहेब, एक आकडा लिहायचाय."

"आकड्यालाच जास्त दुखतो. उभी रेघ मारवत नाही."

"डॉक्टरला दाखवा मग."

"दाखवलं. म्हणाला, स्पर्धा संपली की बरं वाटेल."

आणि खरोखर, स्पर्धा संपली त्या दिवशी रुमाल पुन्हा डाव्या मनगटावर आला. मिठाईचा बॉक्स त्यांनी शिपायाकरवी पाचवी अ च्या वर्गात पाठवून दिला. संस्थेच्या लोकांना त्यांचा राग होता, पण त्यांचं अक्षर असलेला दाखला कुठल्याही कचेरीत कुणी परत पाठवत नसे, म्हणून ते त्यांना सांभाळून होते.

बी.कॉम. झाल्यावर मी त्याच शाळेत ज्युनिअर क्लार्क म्हणून लागले. पहिल्याच दिवशी मी सांगितलं की मला कॉम्प्युटर येतो. ते म्हणाले, "चांगलंय. आता पेन धर." चार महिने त्यांनी मला रजिस्टरला हात लावू दिला नाही. पाठकोऱ्या कागदांवर नावं लिहायची, रेघ न देता, मग ती मोठ्यानं वाचायची, मग रेघ. मला कंटाळा यायचा. मी एकदा म्हटलं, "भाऊसाहेब, रेघ आधी काय, नंतर काय, दिसायला सारखंच ना?"

"तुझ्या आईनं त्या दिवशी नाही म्हटलं असतं तर?"

"खोडलं असतं."

"खोडलेल्या नावाचं पोर जन्मभर खुलासे देत फिरतं, गो."

ते निवृत्त झाले. शाल, नारळ, अध्यक्षांचं भाषण. त्याच आठवड्यात अध्यक्षांचा भाचा रोहन ऑफिसात आला. इंग्लिश मीडियमची शाखा आणि कोचिंग क्लास तो बघतो. गोड बोलतो. "दीदी, अपने पुराने सब रजिस्टर स्कॅन करायचेत. भाऊसाहेबांचं अक्षर म्हणजे हेरिटेज आहे. जपून ठेवतोय."

मला केवढं बरं वाटलं होतं. मीच केलं ते. दोन महिने रोज पानं सपाट धरून, एकेक कोपरा दाबून, हजारो नावं मी त्या यंत्रात घातली. कुठे सावली पडली तर पुन्हा. मला वाटत होतं, मी माझ्या गुरूचं काम जपतेय.

त्यानंतर रोहननं एक लोखंडी हात आणला. टेबलावर बसवलेली पट्टी, तिच्यावर सरकणारा पेन धरायचा चिमटा. त्यात शाईचं पेन लावलं होतं, भाऊसाहेब वापरायचे तसलंच, निळी-काळी शाई. कॉम्प्युटरवर टाइप केलं की तो हात चिर्र चिर्र करत लिहायचा. आणि लिहायचा ते भाऊसाहेबांचं अक्षर. तोच पोटफुगा प, तोच पाय लांब सोडलेला र. स्टाफरूममधल्या बायका टाळ्या वाजवत होत्या. मी पण टाळीला हात उचलले, आणि ते ओढणीला पुसले. बाजारात एकदा मी बर्फाखालचं पापलेट उचललं होतं, वरून चांदीसारखं, आणि कल्ल्यात बोट घातल्यावर बोटाला जो वास लागला तो दिवसभर गेला नव्हता. तसं.

"भाऊसाहेबांना विचारलं का?" मी म्हटलं.

"सरप्राइज आहे दीदी."

सरप्राइज घरोघरी पोचलं. शाळेच्या इमारत निधीसाठी जुन्या पालकांना पत्रं गेली. हाताने लिहिलेली, शाईची. मजकूर असा: 'तुमच्या पाल्याचं नाव मी माझ्या हाताने रजिस्टरात लिहिलं होतं. आज त्याच हाताने तुम्हांला विनंती करतो, शाळेला हातभार लावा. आपला, केळुसकर भाऊसाहेब.' आमच्या घरीही आलं. आईनं ते हातात घेऊन उलटंसुलटं केलं. मी वाचून दाखवलं. तिनं परत दिलं.

"ह्या भाऊसायबाचा न्हाय."

"तुला वाचता येत नाही, कसं कळलं?"

"त्यानी मना इचारल्याबिगर कवा लिवला?"

भाऊसाहेबांचा मुलगा आमच्याच शाळेत शिकलेला. यादीत पालक म्हणून त्यांचंही नाव होतं. रविवारी मी पूनम सागरला त्यांच्या घरी गेले तर ते पत्र टेबलावर पसरलेलं. 'प्रिय श्री. केळुसकर, तुमच्या पाल्याचं नाव मी माझ्या हाताने...' खाली त्यांचंच नाव. ते त्या अक्षरांवरून बोट फिरवत होते. मग बोटाकडे बघितलं आणि उठून बेसिनवर हात धुऊन आले. साबणानं.

वहिनी, म्हणजे भाऊसाहेबांच्या मिसेस, स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "सकाळपासून पाच वेळा धुतलेत."

"काय वाटतं बघ," भाऊसाहेब म्हणाले. "आपलंच उष्टं कुणी आपल्याच ताटात वाढावं, वर तूप घालून."

मी सांगून टाकलं की पानं मी स्कॅन केली होती. त्यांनी ऐकलं. रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. एवढंच म्हणाले, "त्या हाताला दुखत नाही ना? मग त्यांना हवा तसा मिळाला."

त्यांनी संस्थेला पत्र लिहिलं की माझं अक्षर वापरू नका. उत्तर आलं. आभाराचं, आदराचं, आणि त्याच लोखंडी हाताने लिहिलेलं. असला निर्लज्जपणा मी दुसरा बघितलेला नाही.

हे सगळं पत्रांवर थांबलं असतं तर शिव्या देऊन मी विसरले असते. पण नंतर महापालिकेची निवडणूक जवळ आली. अध्यक्षांच्या मेहुण्याला राखीव जागेवर उभं राहायचं होतं. तो आमच्या शाळेचा जुना विद्यार्थी. त्याच्या जातीचा पुरावा म्हणून शाळेच्या रजिस्टरातला उतारा जोडला गेला, आणि कुणीतरी तक्रार केली. मग पडताळणीसाठी एक अधिकारी बाई शाळेत येणार असल्याचं पत्र आलं. रजिस्टर क्रमांक चार काढून ठेवा.

मी कपाट उघडलं. रजिस्टर चार नव्या पुठ्ठ्यात होतं. "बाइंडिंगला दिलं होतं," रोहन म्हणाला. "पानं सुटत होती." मी ते पान उघडलं. वीस नावं, भाऊसाहेबांचं अक्षर, जुना पिवळा कागद. जुन्या रजिस्टरांची कोरी पानं कपाटात पडून असतात, हे मलाच माहीत होतं असं नाही. मेहुण्याच्या नावापुढे जातीच्या रकान्यात हवं ते लिहिलेलं होतं. मी स्कॅन केलेलं मूळ पान कॉम्प्युटरवर शोधलं. त्या वर्षाचं फोल्डर नव्हतं. "करप्ट झालं दीदी," रोहन म्हणाला, आणि माझ्याकडे बघून हसला.

अधिकारी बाईंनी ते पान बाकीच्या पानांशी ताडून बघितलं. त्यांच्या आधी एका तपासनिसानं लेखी दिलं होतं की अक्षर एकाच माणसाचं आहे. अध्यक्षांनी हात वर केले. "नोंद आमच्या क्लार्कची. ते रिटायर झालेत. त्यांनी कुणाच्या सांगण्यावरून काय लिहिलं असेल, संस्थेला काय कल्पना?" म्हणजे नोंद खरी ठरली तर मेहुणा निवडणुकीला उभा राहणार, आणि खोटी ठरली तर भाऊसाहेब आरोपी. दोन्हीकडून ह्यांचं भलं. माझ्या डोळ्यांदेखत, जन्मभर ज्याचा हात खोट्याला दुखला त्या माणसाला, त्याच्याच अक्षरात बांधून पोलिसांकडे द्यायची तयारी चालली होती.

दुसऱ्या दिवशी भाऊसाहेबांना बोलावलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. खिशाला पेनं नव्हती. अधिकारी बाईंनी पान पुढे केलं.

"अक्षर तुमचं आहे?"

ते बराच वेळ वाचत राहिले. ओठ हलत होते, एकेक नाव घेत होते. "अक्षर माझंच आहे," ते म्हणाले.

अध्यक्षांनी खुर्चीत पाठ टेकली.

"पण लिहिलं मी नाही."

"काका, असं कसं?" अधिकारी बाई म्हणाल्या. त्या वाईट बाई नव्हत्या, थकलेल्या होत्या.

"तुमच्याकडे भिंग आहे ना? रेघा बघा. डोक्यावरच्या."

भाऊसाहेबांनी स्वतःच आधीचं पान काढून दिलं. खिडकीशी नेऊन धरलं. त्या पानावर एकेका नावावर एकच रेघ होती, डावीकडे पेन टेकल्याचा बारीक ठिपका, मग सरळ, आणि शेवटी तांदळाच्या दाण्याएवढी पुढे. खालच्या अक्षरांच्या दांड्यांवरून ती गेलेली, कारण नंतर ओढलेली. मग हे पान. वरून बघितलं तर तशीच रेघ. भिंगाखाली ती रेघ नव्हतीच. प्रत्येक अक्षर स्वतःचा तुकडा डोक्यावर घेऊन आलेलं, आणि तुकडे एकमेकांना लावलेले. पत्रे जोडून केलेल्या पन्हळीसारखे. कुठे एक केसभर वर, कुठे एक केसभर खाली.

"माझ्या पानांतून एकेक अक्षर कापून घेतलं," भाऊसाहेब म्हणाले. "कापताना रेघही कापली गेली. मी नाव आधी लिहितो. आईबापाला वाचून दाखवतो. ते हो म्हणाले की रेघ. ह्या पानावरच्या कुणालाच कुणी विचारलेलं नाही."

"एवढ्याशा रेघेवरून?" अध्यक्ष म्हणाले. "मॅडम, म्हातारपणी माणूस काहीही बोलतो. ह्यांची ही पद्धत होती असं सांगणारं कोण आहे?"

मी दाराशी उभी होते. माझी नोकरी अजून कायम झालेली नव्हती. आमच्या घरात पहिली पक्की नोकरी होणार होती ती, आणि ते कागद अध्यक्षांच्या टेबलावर होते. हे मला माहीत होतं आणि त्यांनाही.

मी कपाटातून दुसरं रजिस्टर काढलं, माझ्या वर्षाचं, आणि माझ्या नावावर बोट ठेवलं.

"मॅडम, ही नोंद बघा. ही माझी. अक्षरं फिकी आहेत आणि वरची रेघ गडद आहे. माझ्या आईला तारीख माहीत नव्हती. भाऊसाहेबांनी नाव लिहून ठेवलं आणि रेघ दुसऱ्या दिवशी मारली, पेनात नवी शाई भरल्यावर. मी सहा वर्षांची होते, पण मी तिथे होते. आई जिवंत आहे, तिलाही विचारा. आणि मला ह्यांनी चार महिने हेच शिकवलंय." मग मी म्हटलं, "असं लिहिणारं यंत्र शेजारच्या खोलीत आहे. चालू करून बघा. स्कॅन मी केलेत. माझा जबाब घ्या."

अधिकारी बाई उठून शेजारच्या खोलीत गेल्या. त्यांनी स्वतःचं नाव टाइप करायला सांगितलं. चिर्र चिर्र. भाऊसाहेबांच्या अक्षरात त्यांचं नाव कागदावर आलं. त्यांनी भिंग लावलं, मग कागद बोटांच्या चिमटीत धरून लांब केला, झुरळ धरावं तसा.

रोहन काय म्हणाला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. त्याला ना लाज होती ना भीती. तो भाऊसाहेबांकडे वळून, खरंच हळहळत म्हणाला, "काका, रेघेचं आधी सांगायचं ना. ते सेटिंग दोन मिनटांचं काम होतं."

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "नंबर काय रे तुझा?" त्यांनी विचारलं.

"मी इंग्लिश मीडियमचा आहे काका."

"तरीच," भाऊसाहेब म्हणाले, आणि चपला घालून निघाले.

मेहुण्याचा अर्ज बाद झाला. रोहनला काही झालं नाही. बाइंडरवर ढकललं, मग प्रकरण लांबत गेलं. तो लोखंडी हात आता कोचिंग क्लासमध्ये आहे. प्रत्येक पोराच्या पेपरावर 'शाब्बास बाळा' लिहितो, नापास झालेल्याच्याही. अक्षर भाऊसाहेबांचं. त्यांनी उभ्या नोकरीत कुणाला शाब्बास म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. पालकांना मी सांगते, तर म्हणतात, "जाने दो ना मॅडम, बच्चा खूश होता है." मला त्यांचाही वीट आलाय.

त्यानंतर महिन्याभरानं मी भाऊसाहेबांकडे निघाले होते, तर पूनम सागरच्या नाक्यावर स्टेशनरीच्या दुकानात ते काउंटरशी उभे. दुरेघी वही मागत होते, पहिलीतल्या पोरांची. दुकानदार म्हणाला, "पोते के लिए, अंकल?"

"नहीं. मेरे लिए."

मी त्यांच्यासोबत घरी गेले. वहिनींनी चहा ठेवता ठेवता सांगितलं, "ह्यांका परत पयलीत घातलंय." टेबलावर अशाच तीन वह्या भरलेल्या होत्या. वाकडीतिकडी, मोठी, ओळीबाहेर जाणारी अक्षरं. ते डाव्या हातानं लिहीत होते.

"जुनं अक्षर त्यांच्याकडे राहिलं," भाऊसाहेब म्हणाले. "कोण काय काय लिहील त्यात, मी कुठे कुठे पुरा पडणार? मी नवीन काढतोय." बँकेत सही जुळत नाही म्हणून त्यांचा अर्ज दोनदा परत आला होता. ते सांगताना त्यांना हसू येत होतं. "लोखंडाला पाठवलं असतं तर जुळली असती."

मी त्यांच्यासाठी रजिस्टर क्रमांक चारमधल्या त्या पानाची साक्षांकित प्रत नेली होती. ती त्यांच्यापुढे ठेवली आणि पोच घ्यायला वही उघडली. त्यांनी प्रत दोनदा वाचली, घडी घातली, खिशात ठेवली. मग डाव्या हातात पेन घेऊन, जीभ दातांत धरून, पोचेवर आपलं नाव लिहिलं. रेघेशिवाय. माझ्याकडे बघितलं. "वाच."

मी मोठ्यानं वाचलं.

"बरोबर?"

"हो, भाऊसाहेब."

मग त्यांनी रेघ मारली. ती वाकडी गेली, पण पेन उचललं नाही, आणि शेवटी तांदळाच्या दाण्याएवढी पुढे गेली. त्यानंतर लवकरच दोघं वेंगुर्ल्याला राहायला गेले. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या दिवशीच.

माझी नोकरी वर्षभर लांबली, पण कायम झाली. रजिस्टर माझ्या ताब्यात असतं. क्रमांक चार, त्या पानाच्या खाली, लाल शाईत, अधिकारी बाईंच्या सहीशिक्क्यासह एक ओळ लिहिलेली आहे: 'सदर पान श्री. केळुसकर यांच्या हातचे नाही.'